अश्वत्थाम्याला तेल कोण देणार

महाभारतातला सगळ्यात वाईट माणूस कोण असं विचारलं तर लोक शकुनी म्हणतील, दुःशासन म्हणतील. माझं मत अश्वत्थाम्याला. झोपलेल्या माणसांना मारलंय त्याने, तेही युद्ध जवळपास संपल्यावर, रात्री छावणीत शिरून. धृष्टद्युम्न गेला, शिखंडी गेला, द्रौपदीची पाचही पोरं गेली, आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. मग कृष्णाने कपाळावरचा मणी गेलेल्या या माणसाला शाप दिला की तीन हजार वर्षं रानावनात एकटा फिरशील, अंगाला रक्ताचा आणि पुवाचा वास येईल, कोणी तुझ्याशी बोलायला उभं राहणार नाही.

आणि या माणसाची आमच्याकडे यात्रा असते.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुका आहे, कागदोपत्री अक्राणी, तिथे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, उंची चार हजार फुटांच्या वर. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामाच, आमच्याकडे अस्तंबा ऋषी म्हणतात. धनत्रयोदशीच्या आसपास हजारो लोक तिथे चढतात, त्यात जास्त करून आदिवासी तरुण पोरं, तळोदा, शहादा, अक्कलकुवा इकडची आणि गुजरात, मध्य प्रदेशातूनही येतात. जुनी वाट तळोद्याहून कोठार, देवनदी, नकट्यादेव अशी पायी जायची, आता बरेच जण पिकअपने नाहीतर बाईकने जमेल तितकं वर जातात आणि पुढचं पायी चढतात. रात्रभर चालणं असतं. पुढच्याने आरोळी दिली की मागून दहा जण देतात, मग खालच्या वळणावरून कोणीतरी देतं, अंधारात डोंगराला किती वळणं आहेत ते कानानेच कळतं.

कथा साधी आहे. मणी काढल्यावर कपाळाला जी जखम झाली ती अजून भरलेली नाही, म्हणून तो सातपुड्यात तेल मागत फिरतो. कोणाच्याही दारात येऊ शकतो, उंच म्हातारा, डोक्याला फडकं बांधलेला, जखमेवर लावायला थोडं तेल द्या म्हणतो. आणि यात्रेत कोणी वाट चुकला तर हाच येऊन वाट दाखवतो, बोलत नाही, नुसता पुढे पुढे चालतो, वाट सापडली की दिसेनासा होतो.

लहानपणी मला यातला तेलाचाच भाग खरा वाटायचा कारण तो आमच्या घरात रोज घडत होता. तिन्हीसांजेला तेल-मीठ कोणाला द्यायचं नाही हा नियम सगळीकडे असतो तसा आमच्याकडेही होता, शेजारची काकू वाटी घेऊन आली तरी आजी म्हणायची सकाळी ने गं बाई. पण अनोळखी म्हाताऱ्या माणसाने तेल मागितलं तर हा नियम बाद. दिवाळीच्या दिवसांत तर नक्कीच बाद. एकदा एक फिरस्ता आला, पायाला काहीतरी लागलं होतं त्याच्या, आजीने हातातलं काम टाकून पळीभर गोडं तेल त्याच्या डबीत ओतलं, वर थोडी हळद पुडीत बांधून दिली, आणि तो गेल्यावर त्याची पाठ वळणापर्यंत बघत उभी राहिली. मी म्हटलं आजी तो अस्तंबा होता का. तर म्हणे, "माले काय माहीत? त्याले तेल लागस, आपले द्यानं शे." बस. नंतर परत भाकरी थापायला बसली.

आता मुद्द्यावर येतो. पुण्यात माझ्या ऑफिसमधे एक मित्र आहे, चांगला माणूस आहे, पगार बक्कळ, आणि गेली काही वर्षं त्याचं एकच चाललंय, लाइफमधे मीनिंग सापडत नाही. त्यासाठी त्याने पैसेही बरेच घातलेत. दहा दिवस मौन पाळून आलाय, हिमालयात जाऊन आलाय, फोनमधे श्वास मोजायचं ॲप आहे त्याच्या. परवा म्हणाला तुमच्या खानदेशात काही आहे का रे, एकदम अनटच्ड, निसर्गात जाऊन जरा काहीतरी शिकून येऊ. मी अस्तंब्याचं सांगितलं, तो खुश झाला, म्हणे वा, निसर्गासारखा गुरू नाही.

हे वाक्य ऐकलं की मला घुबड आठवतं.

सौप्तिक पर्वात आहे हे. दुर्योधन मांडी मोडून पडलाय, कौरवांकडचे तिघंच उरलेत, अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा, रात्री एका मोठ्या वडाखाली थांबलेत. बाकीचे दोघं झोपले, याला झोप नाही. वडावर कावळ्यांची मोठी वस्ती, सगळे गाढ झोपलेले. तेवढ्यात एक घुबड येतं, दबकत, आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून फाडत जातं, झाडाखाली पंखांचा आणि धडांचा खच पडतो. अश्वत्थामा हे बघतो आणि म्हणतो, मला उपदेश मिळाला. मग कृपाला उठवतो, कृप त्याला परोपरीने सांगतो की झोपलेल्यांना मारू नये, सकाळ होऊ दे, हा ऐकत नाही, उठून छावणीकडे जातो.

म्हणजे बघा, निसर्गाकडून शिकलेला महाभारतातला सगळ्यात प्रामाणिक विद्यार्थी हाच. झाडाखाली बसला, शांतपणे निरीक्षण केलं, बोध घेतला आणि आचरणात आणला. रिल्समधे सूर्योदय, धबधबा आणि मागे बासरी लावून जो निसर्ग दाखवतात ना त्यात घुबड कधी नसतं. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शहादा-तळोद्याच्या उसात बिबट्या निघतो, मे महिन्यात तापीकाठचा पट्टा पंचेचाळीस डिग्रीला पोचतो, एका वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. निसर्ग काही शिकवायला बसलेला नाही, तो त्याचं त्याचं करत असतो, बोध कोणता घ्यायचा ते बघणाऱ्याच्या मनात आधीच शिजत असतं. अश्वत्थाम्याच्या मनात होतंच, घुबड फक्त निमित्त झालं.

मग सातपुड्यातल्या लोकांनी काय केलं ते मला जास्त भारी वाटतं. पोथीत या माणसाची गोष्ट शापापाशी थांबते, जा, फिर, संपलं. पोथी त्याच्याकडे पुन्हा वळून बघत नाही, फार तर सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव याचं, पोराच्या वाढदिवसाला आपण ते म्हणतो आणि कोणाचं नाव घेतोय याचा विचारही करत नाही. डोंगरातल्या लोकांनी मात्र म्हटलं असणार की फिरतोच आहेस तर काहीतरी काम कर बाबा. तुला रानातली प्रत्येक वाट पाठ झालीय, मग चुकलेल्याला वाट दाखव. त्याची शिक्षा माफ नाही केली, हे महत्त्वाचं आहे. जखम तशीच आहे, भळभळतेय, कथेत कुठेही ती बरी होत नाही, इतक्या वर्षांत एवढ्या घरांनी तेल देऊनसुद्धा. कोणी असंही म्हणत नाही की त्याने पश्चात्ताप केला, तो सुधारला, आतून बदलला. त्याच्या आत काय चाललंय याची चौकशीच नाही. फक्त कोणी त्याच्याशी बोलणार नाही हा जो शापाचा भाग होता तेवढा लोकांनी हळूच मोडून टाकला.

माझ्या मित्राचं सगळं लक्ष आत आहे. जखम कुठंय, कधीची आहे, बालपणातली आहे का, कशाने भरेल, भरली की मग मीनिंग सापडेल आणि मग जगायला सुरुवात. मी त्याची चेष्टा करत नाही, रात्री झोप लागत नाही त्याला, ते खरं आहे. पण अस्तंब्याच्या कथेत क्रम उलटा आहे, जखम भरायची वाट कोणी बघतच नाही, ती घेऊनच तो कामाला लागलेला आहे. आणि त्या जखमेसाठीच त्याला लोकांच्या दारात जावं लागतं. बरी झाली असती तर कुठल्या तरी गुहेत बसला असता एकटा.

आता हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल तर दुसरी बाजूही सांगतो. २०२५ च्या दिवाळीत यात्रेहून परत येणाऱ्यांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली, माणसं गेली, तरणी पोरं. वाट दाखवणारा तेव्हा कुठे होता हा प्रश्न मला पडला, अजून पडतो. गल्लीतले जिभाऊ यात्रेला जाणारे आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "तो पायी चालनाऱ्याले वाट दखाडस, गाडीले ब्रेक तो लावाव शे का?" मला हे उत्तर पुरत नाही. जिभाऊंनाही पुरत नसावं, कारण ते बोलून झाल्यावर बराच वेळ तंबाखूच मळत बसले. घाटातला रस्ता, कठडे, एका पिकअपमधे किती माणसं कोंबायची, ही माणसांची कामं आहेत आणि ती माणसांनीच करायला पाहिजेत, देवाच्या नावाने ढकलून चालत नाही.

आणि यात्रेला जाणारी पोरं कोण हेही बघा. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची घरंच्या घरं खाली उतरतात, कोणी ऊसतोडीला, कोणी गुजरातेत मजुरीला. काही पाड्यांवर म्हातारी माणसं आणि कोंबड्याच राहतात. म्हणजे अस्तंब्यावरून उतरायचं आणि काही दिवसांत मुकादमाच्या ट्रकमधे बसायचं. त्यांना मीनिंग ऑफ लाइफ वगैरे विचारायची माझी छाती नाही. एका पोराला देवनदीच्या बाजूला थांबलो असताना सहज विचारलं होतं की का येतो रे दरवर्षी, सीताफळ खात होता तो, बिया थुंकत म्हणाला, सगळे येतात, मी नाही आलो तर विचारतील ना कुठे गेला म्हणून. पुढे अजून एक सीताफळ फोडून अर्धं मला दिलं. आळी होती त्यात, पण गोड होतं.

पुण्यात मी चार दिवस दिसलो नाही तर विचारणारं फक्त ऑफिसचं हजेरीचं सॉफ्टवेअर आहे. असो.

एक गंमत सांगायची राहिली. हाच अश्वत्थामा सातपुड्याच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. बुऱ्हाणपूरजवळ असीरगड, तोही जुन्या खानदेशातलाच, फारुकी सुलतानांचा किल्ला, १६०१ साली अकबराने घेतला तो. तिथल्या महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो म्हणतात, पण त्याला बघितलं तर माणूस वेडा होतो. आणि नर्मदेकाठी शूलपाणीची झाडी, तिथे परिक्रमावाल्यांना तो भेटतो, पुन्हा वाट दाखवणारा. त्या झाडीतला बराच भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलाय, महाराष्ट्रातली तेहतीस गावं त्या धरणाने बाधित झाली, तेव्हा तिथल्या वाटा त्यालाही नव्याने शिकाव्या लागल्या असतील. एकच माणूस, एकच डोंगररांग, किल्ल्यावर त्याची भीती आणि पाड्यावर त्याला तेल. माझा अंदाज असा की किल्ल्यात राहणाऱ्याला रात्री येणाऱ्या अनोळखी माणसाची भीती वाटणारच, त्याचं कामच ते. पाड्यावरच्या माणसाला रात्री येणारा म्हणजे कोणीतरी वाट चुकलेला, भुकेला, बहुतेक आपल्यासारखाच.

यूट्यूबवर अश्वत्थामा सापडला म्हणून व्हिडिओ ढिगाने आहेत, थंबनेलवर लाल गोल काढलेले. मित्राने मला त्यातले चार पाठवले. आता तो या दिवाळीला यायचं म्हणतोय, ट्रेकिंगचे बूट घेतलेत, दोन दिवस नेटवर्क नसेल हे सांगितल्यावर जरा घाबरला पण तयार झाला. वर रूम बुक होते का असं विचारत होता. म्हटलं रूम नसते रे, चादर आण, आणि तळोद्याच्या स्टँडवर उतरलास की फोन कर, जिभाऊ बाईक घेऊन येतील.