पीसी नेमका खेळतानाच हँग होतो

मंगळवार, रात्र

आज पुन्हा तेच झाले. खेळ सुरू करून चाळीसेक मिनिटे झाली असतील, तोच चित्र जागच्या जागी थिजले आणि शेवटच्या क्षणाचा आवाज एकसारखा घरघरत राहिला. या वेळी मी लगेच पॉवरचे बटण दाबले नाही. कॅप्स लॉक दाबून पाहिले, तर कीबोर्डवरचा दिवा लागेना. म्हणजे नुसता खेळ अडकला नव्हता, सारा संगणकच हँग झाला होता. घरघरही तेच सांगत होती, कारण पुढचा आवाज पुरवणारे कोणी उरले नाही, की ध्वनियंत्रणा हाती असलेला लहानसा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवत राहते.

खेळताना हँग होतो म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचाच, असे मी आठवडाभर धरून चाललो होतो. परवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज किमान गोष्टींनिशी सुरू करून, समूळ काढून नव्याने टाकला, पंख्यांवरची धूळ काढली आणि कार्डाला पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल जोडल्या. हे सगळे एकाच संध्याकाळी केले, ही माझी चूक झाली; फरक पडला असता तरी तो कशामुळे पडला, हे मला सांगता आले नसते.

बुधवार

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडली. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला, तर विंडोज दोन सेकंद थांबून त्याला नव्याने उभे करते आणि तसे जमले, की ४१०१ क्रमांकाची नोंद उमटते. तशी एकही नोंद नव्हती, त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हरवरचा माझा संशय कमी झाला. तापमान नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिलेली शेवटची ओळ पाहिली, तर ग्राफिक्स कार्ड ७१ अंशांवर आणि प्रोसेसर ७४ अंशांवर होता, तेव्हा उष्णतेवरचा संशयही मी सोडून दिला.

मग नोंदींच्या तारखा पाहिल्या. पहिली ‘४१’ मी रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या) दोन स्टिक वाढवल्यानंतर दुसऱ्याच दिवशीची होती, आणि ही गोष्ट मी इतके दिवस लक्षातच घेतली नव्हती.

शुक्रवार

काल रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवला. दुसऱ्या फेरीत चुका दिसू लागल्या. आज दिवसभर जुनी आणि नवी जोडी वेगवेगळी लावून तपासली, तर दोन्ही निर्दोष निघाल्या. स्टिक खराब नाहीत; चारही एकत्र ३२०० च्या वेगाने चालवणे या संगणकाला झेपत नाही. खोक्यावर छापलेला तो वेग एक्सएमपी (रॅमच्या उत्पादकाने ठरवलेली वेगवान सेटिंग) चालू केल्यावर मिळतो आणि त्यासाठी माझ्या स्टिकना १.३५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर४ चे, म्हणजे माझ्या रॅमच्या प्रकाराचे, प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. शिवाय रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याच दोन चॅनलवर (रॅमकडे जाणाऱ्या मार्गांवर) चार स्टिक आल्या, की त्याच्यावरचा ताण वाढतो. ब्राउझर उघडून बसल्यावर रॅमचा थोडासाच भाग वापरात येतो, म्हणून एरवी काही बिघडले नाही. मोठा खेळ मात्र कित्येक जीबी भरतो आणि त्यांत अखंड लिहीत-वाचत राहतो.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वेग २९३३ वर आणला, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि चाचणी पुन्हा लावली.

रविवार

मेमटेस्टच्या चारही फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही. काल तीन तास आणि आज चार तास खेळलो, एकदाही अडखळलो नाही. फ्रेमचा दर किंचित घटला असेल, पण खेळताना तो मला जाणवत नाही, आणि अर्ध्यावर तुटणाऱ्या खेळापेक्षा हे मला कितीतरी प्रिय आहे.

एक काळजी मात्र उरली होती: सदोष मेमरीतून गेलेली माहिती डिस्कवरही चुकीची लिहिली जाऊ शकते. म्हणून विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही आज्ञा चालवली. काही फाइल खरोखरच बिघडलेल्या निघाल्या आणि दुरुस्त झाल्या. आता खेळाच्या फाइलची पडताळणी लावली आहे. त्या आठवड्यातले खेळाचे सेव्ह (जतन केलेली प्रगती) वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवले असून, ते उद्या एकेक करून उघडून पाहीन.