दोन गुणांचा सुकाणी

गेल्या रविवारी सकाळी माझ्या भाच्याने चहाच्या कपाशेजारी एक चिमुकला तुकडा ठेवला आणि विचारले, "मामा, ह्याची खरी किंमत किती?" कोथरूडचा त्याचा मित्र त्या एवढ्याशा तुकड्याच्या बदल्यात दोन डोलकाठ्यांचे अख्खे जहाज द्यायला तयार झाला होता, आणि मागितल्यापेक्षा जास्त मिळते आहे असे दिसताच सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलाला जो संशय यायला हवा, तो त्याला आला होता.

खेळ चाच्यांच्या जहाजांचा आहे. 'पायरेट्स ऑफ द स्पॅनिश मेन' या नावाने विझकिड्स या अमेरिकी कंपनीने तो २००४ साली बाजारात आणला. एटीएम कार्डाएवढ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून सुटे भाग काढायचे आणि एकमेकांत अडकवून शिडाचे जहाज उभे करायचे. कंपनीचे काम २००८ च्या नोव्हेंबरात बंद पडले, त्यामुळे आता दुकानात जाऊन नवे पाकीट आणण्याची सोय नाही. परदेशातल्या आतेभावाने दिलेला एक डबा हीच आमच्या भाच्याची दौलत आणि अदलाबदल हाच त्याचा व्यापार. समुद्र म्हणून तुळशीबागेतून आणलेला निळा टेबलक्लॉथ पसरला जातो. मुठेच्या काठी राहून आरमारावर अधिकारवाणीने बोलण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे, तेव्हा मीही चष्मा पुसून तो तुकडा हातात घेतला.

तो सुकाणी होता. आमच्या घरात खेळातल्या माणसांना देशी नावे पडली आहेत. कप्तानाला आम्ही तांडेल म्हणतो आणि तोफ डागणाऱ्याला गोलंदाज. इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच ठरवले होते, त्यामुळे चाच्यांच्या जहाजावर तांडेल बसवताना आम्हांला कसलाही संकोच वाटत नाही. सुकाण्याची किंमत दोन गुण, आणि नेहमीच्या डावात प्रत्येकाला जहाजे व माणसे मिळून चाळीस गुणांचे आरमार उभे करायचे असते. त्याच्या अंगचा गुण एकच आहे: तो ज्या जहाजावर असेल, त्याच्या चालीत एका आखूड मापाची भर पडते. मापे पट्टीने घेत नाहीत. कार्डाची लांब कड म्हणजे लांब माप आणि रुंदीची कड म्हणजे आखूड माप, आणि लांब माप आखूड मापाच्या साधारण दीडपट भरते. दोन गुणांत कायमचा वेग मिळतो म्हटल्यावर सौदा स्वस्तच वाटतो, आणि भाच्याचा मित्र नेमके हेच सांगत फिरत होता.

त्याने न सांगितलेली गोष्ट अशी की, हा सुकाणी जहाजावर फुकट उभा राहत नाही. जहाजाच्या पोटात जेवढ्या जागा असतात, त्यांतच माणसेही बसतात आणि बेटावरून आणायची सोन्याची नाणीही. घर बदलताना टेम्पोत एक हमाल जास्त घेतला की काम लवकर उरकते हे खरे, पण तो जिथे बसतो तिथे शिलाईमशीन मावत नाही.

मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. बेट घरापासून सहा आखूड मापांवर आहे आणि जहाज एका पाळीत दोन आखूड मापे चालते असे धरले, तर जायला तीन पाळ्या, बेट धुंडाळून माल चढवायला एक आणि परत यायला तीन, म्हणजे खेप सात पाळ्यांची होते. सुकाणी घेतला की चाल तीन मापांची होते आणि तीच खेप पाच पाळ्यांत उरकते. आता पस्तीस पाळ्यांचा डाव कल्पनेत आणावा. इतका लांब डाव आमच्याकडे कधीच होत नाही, कारण तोवर कोणाला तरी भूक लागते, पण भागाकाराला तो आकडा सोयीचा आहे. पस्तीस पाळ्यांत सुकाण्याशिवाय पाच खेपा होतात आणि त्याच्यासह सात. जहाजात तीन जागा असतील, तर त्याच्याशिवाय पंधरा नाणी येतात आणि त्याच्यासह चौदा. म्हणजे दोन गुण खर्चून एक नाणे घालवायचे. दोनच जागा असतील, तर दहाची सात होतात, ही तर शुद्ध दिवाळखोरी. चार जागांच्या जहाजावर मात्र विसाची एकवीस होतात.

हा एकवीसचा आकडा पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. भाच्याच्या डब्यात चार जागांचे एकही जहाज नव्हते. त्याचे एक जहाज तीन जागांचे होते, आणि त्याचे दुसरे, लाडके जहाज एका पाळीत दोन लांब मापे चालणारे होते. ते सहा आखूड मापांचे अंतर मुळातच दोन पाळ्यांत कापते आणि सुकाणी चढवला तरी दोनच पाळ्यांत कापते. त्याला सुकाणी देणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या गर्दीत अडकलेल्या स्कूटरला आणखी ताकदीचे इंजिन बसवणे. लढाऊ जहाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे तांडेल असेल तर जहाज त्याच पाळीत चालूही शकते आणि तोफाही डागू शकते, आणि अशा वेळी एक माप पुढे सरकल्याने शत्रू टप्प्यात येतो. पण तांडेलाचे तीन आणि सुकाण्याचे दोन असे पाच गुण एका जहाजावर ओतण्याइतका भाचा लढाऊ नाही. तो सोने आणणारा माणूस आहे.

"तुझ्यासाठी ह्याची किंमत शून्य आहे," मी म्हणालो, "पण चार जागांचं मंद जहाज ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी नाही. तुझ्या मित्राकडे आहे का तसं?"

होते. भाच्याचे डोळे चमकले. दुपारी मित्र आला तेव्हा ठरल्याप्रमाणे आम्ही दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर एक गोलंदाजही मागितला, आणि आमचा भाव हवेतला नाही हे कळावे म्हणून मी वर्तमानपत्राचा तो कोपरा त्याच्यापुढे सरकवला. मुलगा शांतपणे वाचत राहिला. मग त्याने कार्ड उचलले आणि टेबलक्लॉथवर आखूड कडेने मोजायला सुरुवात केली.

"काका, तुम्ही बेट सहावर धरलंय. चारवर असलं तर?"

चार मापे माझ्या हिशेबातल्या जहाजाला दोन पाळ्यांची. सुकाण्यासह चाल तीन मापांची झाली तरीही दोन पाळ्यांचीच. खेप तेवढीच राहते आणि एक जागा मात्र जाते. मी वर्तमानपत्र हळूच परत घेतले.

"बेटं आम्ही आळीपाळीने मांडतो," तो म्हणाला. "आता तुम्ही ह्याला हे सगळं शिकवलंत, म्हणजे माझ्याविरुद्ध हा बेट चारवरच मांडणार ना? मग जहाज कशाला देऊ? फार तर एक गोलंदाज देतो."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याचे बोट तेवढ्या वेळात एका बेटावर जाऊन टेकले होते आणि ते बेट मित्राच्या घराच्या दिशेने दोन मापे आत सरकलेही होते.