पूज्य की एक?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावहून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तिथून आणखी आत एका गावात एक क्रेडिट सोसायटी. नवी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी जेवणाच्या डब्यात, डबा रेनकोटच्या आत, असा गाडीवरून पोचलो. मॅनेजर म्हणाले, "तीन दिवस झाले, यूपीएस नुसता ओरडूलालाय." ओरडत होता सर्व्हर. आवाज दबावा म्हणून त्याच्यावर कुणीतरी जुनी लेजरं रचून ठेवली होती.

आत 1 टीबीच्या चार डिस्क, रेड 5 मध्ये. यात एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातली माहिती हिशोबानं काढता येते. कामही चालू राहतं, म्हणून तर तीन दिवस कुणाला काही वाटलं नाही. पण दुसरी गेली की सगळं बंद. स्क्रीनवर कंट्रोलर, म्हणजे या चारही डिस्क सांभाळणारा भाग, सांगत होता, स्लॉट 1 फेल. स्लॉट म्हणजे डिस्कचा खण.

आधी बॅकअप विचारला. "रोज होतोय की," म्हणाले. बघितलं तर बाहेरची डिस्क कधीच भरलेली, शेवटची फाईल तीन महिन्यांपूर्वीची. जुन्या फायली काढून डेटाबेसची ताजी कॉपी घेतली. ती उघडून तपासायला हवी होती, पण काउंटरवर लोक ताटकळले होते आणि मॅनेजर दर पाच मिनिटांनी डोकावत होते.

सर्व्हर कुणीतरी असेंबल केलेला. बिघडलेल्या डिस्कपाशी लाल दिवा लागतो, त्याची वायरच जोडलेली नव्हती. प्रत्येक डिस्क ओढून काढायच्या एका ट्रेमध्ये, म्हणजे कॅडीत. चार कॅडींपैकी फक्त डावीकडच्या पहिलीवर चिठ्ठी टिकून होती, बाकीच्यांवर नुसते डिंकाचे डाग. चिठ्ठीवर कन्नड अंक. हे अंक मी शाळेत कमी आणि बसच्या पाट्यांवर जास्त शिकलो. कन्नड एक म्हणजे खालून तोंड उघडं असलेला गोल. तोच होता. पहिली कॅडी, एक नंबर, स्लॉट 1. खटका दाबायला बोट ठेवलं.

"ओ इंजिनियर, थांबा की. त्ये एक न्हवं, पूज्य हाय."

पिग्मी गोळा करणारे काका. छत्री दाराशी निथळत ठेवून कधीपासून मागं उभे होते कोण जाणे. म्हणाले, "चिठ्ठ्या मीच लिवल्यात. तुमच्या आधीच्या पोरानं पूज्यापासून लिवायला लावलं. मोजायला पूज्यापासून कोण सुरुवात करतंय? म्हणून ध्यानात ऱ्हायलं."

चिठ्ठीवर मोबाईलची बॅटरी मारली. गोलाच्या खालची शाई उडालेली, पण पेनाचा दाब कागदावर उमटलेला. गोल पूर्ण होता. म्हणजे ही स्लॉट 0, आणि स्लॉट 1 तिच्या शेजारची.

माझं बोट अजून खटक्यावरच होतं. हळूच काढलं. ती कॅडी ओढली असती तर तीनच्या दोन डिस्क उरल्या असत्या, आणि माझा सगळा भरवसा त्या न तपासलेल्या कॉपीवर.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एक मोठी फाईल कॉपीला लावली आणि दिव्यांकडं बघत बसलो. पहिला, तिसरा, चौथा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. दुसरा मेल्यासारखा. दुसरी कॅडी जराशी सरकवली, आतली तबकडी फिरत असलीच तर थांबावी म्हणून अर्धा मिनिट तशीच ठेवली, मग बाहेर काढली. लेबलवरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्याशी एकेक अक्षर जुळवला. जुळला. चार स्क्रू, नवी डिस्क, खट्ट. रिबिल्ड सुरू, म्हणजे गेलेल्या डिस्कची माहिती नव्या डिस्कवर परत लिहिणं.

साडेपाच तास लागले. मधे दोनदा लाईट गेली, तेव्हा मात्र यूपीएस खरोखरच ओरडला. या वेळात बाकीच्या तिघींना सलग राबावं लागतं, आणि त्याही त्याच वयाच्या. मॅनेजरनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा निवला. तेवढ्यात बॅकअपची कॉपी एका लॅपटॉपवर उघडून बघितली. उघडली, बरं झालं.

संध्याकाळी काका वसुली जमा करायला परत आले. म्हटलं, नव्या चिठ्ठ्या लिहून द्या.

"मराठीत का कन्नडात?"

"इंग्रजीत लिहा काका, स्क्रीनवर तसंच दिसतंय."

"मग पूज्य तेच की," म्हणत त्यांनी खिशातला पेन काढला आणि पहिल्या चिठ्ठीवर गोल दोनदा गिरवला.