कॅनापोलिस : टॉवेलच्या गावातला ड्रायव्हर

अमेरिकेतल्या शार्लट शहरातून 85 क्रमांकाच्या महामार्गाने ईशान्येकडे निघाले की अर्ध्या-पाऊण तासात कॅनापोलिसकडे जाणारा 60 क्रमांकाचा फाटा येतो, आणि त्याच्या हिरव्या पाटीवर मोटार शर्यतीतल्या एका ड्रायव्हरचे नाव असते : डेल अर्नहार्ट बुलेव्हार्ड. राज्याच्या नोंदीत हा रस्ता महामार्ग क्रमांक 3 आहे, पण पूर्वी त्याचा क्रमांक 136 होता. 3 हा क्रमांक नॉर्थ कॅरोलायनाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या एका रस्त्याला दिलेला होता. अर्नहार्टच्या गाडीवर 3 हा आकडा असे, म्हणून त्याच्या मृत्यूनंतर, 2002 मध्ये, सरकारने दोन्ही रस्त्यांच्या क्रमांकांची अदलाबदल केली. आपल्याकडेही रस्त्यांना नावे देण्याची हौस दांडगी आहे. पण एका माणसाच्या गाडीचा आकडा त्याच्या गावाला मिळावा म्हणून एवढा कागदी खटाटोप झालेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

स्टॉक कार शर्यतींचे मला वेड होते असे नाही. मी सोलापूरचा. कॅनापोलिस हे एके काळी जगातले टॉवेल आणि चादरींचे सर्वांत मोठे उत्पादनकेंद्र होते हे वाचल्यापासून ते गाव पाहावे असे मनात होते, आणि भाचा शार्लटमध्ये एका बँकेत नोकरीला असल्यामुळे ते जमून आले. निघताना तो म्हणाला, "मामा, तिथे आता गिरणी नाही, अर्नहार्टचा पुतळा तेवढा आहे." त्याचे म्हणणे खरे निघाले, फक्त गिरणी आणि पुतळा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे गाव फिरल्यावर लक्षात येत गेले.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्टॉक कार दिसायला शोरूममधल्या मोटारीसारखी, वर छप्पर असलेली असते, पण आतून ती पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभारलेली शर्यतीची गाडी असते. लंबगोल ट्रॅकवर अशा तीस-चाळीस गाड्या सतत डावीकडे वळत, एकमेकींना घासत आणि ढकलत तासन्‌तास धावतात. नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेचे विजेतेपद अर्नहार्टने सात वेळा मिळवले आणि 76 शर्यती जिंकल्या. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना येथील शर्यतीच्या अखेरच्या फेरीत, वयाच्या 49व्या वर्षी, अपघातात त्याचा मृत्यू झाला. हा उत्तरार्ध सर्वांना पाठ असतो. कॅनापोलिसमध्ये पाहायला मिळतो तो पूर्वार्ध, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

गावाच्या मध्यभागी कॅनन मिल्सची गिरणी जिथे उभी होती, तिथे आज विटांच्या भव्य इमारतींचे संशोधन संकुल आहे. 1906 च्या सुमारास जेम्स विल्यम कॅनन यांनी शेतजमीन घेऊन गिरणी बांधायला घेतली आणि तिच्याभोवती गावच वसवले. घरे कंपनीची आणि दुकानांच्या इमारतीही कंपनीच्याच होत्या. कायद्याने नगरपालिका म्हणावी असे काही येथे 1984 पर्यंत नव्हते. पुढे मालक बदलत गेले, आणि 30 जुलै 2003 रोजी, पिलोटेक्स या शेवटच्या मालकाच्या काळात, गिरणी कायमची बंद पडून या परिसरातले 4,000 हून अधिक कामगार एका दिवसात घरी बसले. राज्याच्या इतिहासात एवढी मोठी कामगार कपात तोवर झालेली नव्हती. सोलापुरात ज्यांनी गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिले त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

डेलचे वडील राल्फ अर्नहार्ट याच गिरणीगावातले. त्यांनी आधी सुताच्या गिरणीत काम केले, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते सोडून देऊन फक्त शर्यतींवर घर चालवायचे ठरवले. दक्षिणेकडच्या शर्यतींच्या कथेत चोरट्या दारूच्या वाहतुकीचा भाग हमखास रंगवून सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहेच. पण राल्फ यांच्यासारखे लोक त्या धंद्यातून आलेले नव्हते, ते पाळीतून सुटण्यासाठी आले होते. गिरणीचा पगार ठरलेला असे आणि शर्यतीचे बक्षीस अनिश्चित, म्हणून राल्फ यांनी ती अनिश्चितता हिशेबात बांधून घेतली. ते घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी बांधत, स्वतः इंजिन जुळवत, ट्रॅकवर टायर आणि गाडी जपून चालवत आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे सरकत. गाडी मोडली तर पुढच्या आठवड्याच्या किराण्याचे काय, हा प्रश्न ज्याच्यापुढे असतो त्याला उगाच पहिल्या फेरीपासून पुढे राहण्याची हौस परवडत नाही. 1956 मध्ये ते नॅसकारच्या स्पोर्ट्समन विभागाचे राष्ट्रीय विजेते झाले.

अर्नहार्ट कुटुंबाचे घर ज्या वस्तीत आहे तिला 'कार टाउन' म्हणतात, कारण तिथल्या रस्त्यांना मोटारींच्या प्रकारांची नावे आहेत. सेडान आणि कोच या दोन रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ डेल वाढला. पर्यटन खात्याच्या नकाशात ही वस्ती दाखवलेली असली तरी ती राहती वस्ती आहे, त्यामुळे आम्ही गाडीतून उतरलो नाही. बैठी घरे, पुढे थोडे गवत, एका अंगणात उलटी ठेवलेली मुलांची सायकल. कुणी सांगितले नाही तर माणूस दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही असा हा भाग आहे.

29 एप्रिल 1951 रोजी जन्मलेला डेल लहानपणापासून वडिलांच्या गॅरेजमध्ये पडेल ते काम करत असे. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि नववीत असतानाच त्याने शाळा सोडली. राल्फ यांना ही गोष्ट लागली. शर्यतीवर पोट भरणे म्हणजे काय हे ते जाणून होते आणि मुलाच्या हाती निदान शिक्षण असावे अशी त्यांची इच्छा होती. सतराव्या वर्षी डेलचे लग्न झाले, अठराव्या वर्षी तो बाप झाला, आणि ते लग्न लवकरच मोडले. दिवसा वेल्डिंग किंवा टायर बसवण्यासारखी कामे आणि रात्री उसन्या गाडीवर खटपट, असा त्याचा क्रम होता. त्याची पहिली गाडी 1956 च्या मॉडेलची फोर्ड होती आणि ती गुलाबी होती. रंग मिसळताना काहीतरी बिघडले आणि पुन्हा रंगवायला पैसे नव्हते, असे त्याबद्दल सांगतात. पुढे ज्याला सारे जण 'इंटिमिडेटर', म्हणजे धाक घालणारा, म्हणून ओळखू लागले, त्याने मातीच्या ट्रॅकवर आपली सुरुवात गुलाबी गाडीतून केली, ही माहिती मला त्याच्या पुतळ्यापेक्षा जास्त आवडली.

1972 मध्ये मेट्रोलायना ट्रॅकवर दोन वेगवेगळ्या विभागांच्या गाड्या एकत्र धावल्या, त्यात बापलेक एकाच शर्यतीत होते. मागून आलेल्या राल्फ यांनी मुलाच्या गाडीला आपल्या गाडीने ढकलत पुढच्याला मागे टाकायला मदत केली, असा किस्सा या भागात अजून सांगितला जातो. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1973 मध्ये, राल्फ हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ते 45 वर्षांचे होते आणि डेल 22 वर्षांचा. शाळेवरून दोघांत आलेला दुरावा पुरता मिटायच्या आतच वडील गेले, याची खंत त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवली. त्यानंतरची दोन-तीन वर्षे त्याने कर्जावर काढली : तीन महिन्यांच्या मुदतीने पैसे उचलायचे, टायर आणि सुटे भाग घ्यायचे आणि शनिवारी जिंकलेल्या पैशातून सावकाराला गप्प करायचे. वडिलांची सबुरी त्याच्यात नव्हती. माझ्या मते ते केवळ स्वभावामुळे नव्हे. राल्फ यांची गाडी त्यांची स्वतःची होती, तर डेलला पुढची शर्यत मिळेल याचीच खात्री नव्हती, आणि अशा माणसाला आजच्या शर्यतीतच सगळे दाखवावे लागते.

हे सगळे ऐकलेले डोळ्यांनी पाहायचे तर शनिवारी संध्याकाळी हिकरीला जावे. 1951 मध्ये सुरू झालेला हा जेमतेम एक-तृतीयांश मैलाचा ट्रॅक आज डांबरी आहे. राल्फ येथे अनेकदा जिंकले, आणि डेलही येथे घडला. शर्यतीआधी प्रेक्षकांना गाड्यांच्या जवळ जाता येते. तिथे एक मध्यमवयीन माणूस जमिनीवर गुडघे टेकून, शिंपी छातीचे माप घेतो तसे टायरभोवती फीत लावून त्याचा घेर मोजत होता आणि आकडा खडूने टायरवरच लिहीत होता. थोडी हवा भरायची, पुन्हा मोजायचे, आधीचा आकडा तळव्याने पुसायचा. उजव्या बाजूच्या टायरचा घेर डावीपेक्षा किंचित जास्त ठेवला की गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते, आणि या ट्रॅकवर सगळी वळणे डावीकडेच असतात. ही युक्ती पहिल्यांदा वापरण्याचे श्रेय राल्फ अर्नहार्ट यांना दिले जाते. शर्यत सुरू झाल्यावर रबराचे बारीक कण वाऱ्याबरोबर वर बाकांपर्यंत येतात आणि हातातल्या फ्रेंच फ्राइजवर बसतात. कानात बोळे घातले नाहीत तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कान वाजत राहतील.

मोठ्या मालिकेत डेल पहिल्यांदा धावला तो मे 1975 मध्ये, घरापासून जवळच असलेल्या शार्लटच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर, 600 मैलांच्या शर्यतीत. एड नेग्रे यांची डॉज गाडी, सुरुवात 33व्या क्रमांकावर, शेवट 22व्या. त्याच्या लगेच मागे, 23व्या क्रमांकावर, आला तो रिचर्ड चिल्ड्रेस नावाचा, स्वतःची गाडी स्वतःच चालवणारा एक ड्रायव्हर. नंतरच्या तीन वर्षांत डेलला अशा तुरळक संधीच मिळाल्या. 1978 च्या अखेरीस कॅलिफोर्नियाचे व्यावसायिक रॉड ऑस्टरलंड यांनी त्याला गाडी दिली. तो अटलांटाला चौथा आला, आणि 1979 चा पूर्ण मोसम त्याच्या पदरात पडला. 1 एप्रिल 1979 रोजी टेनेसीतल्या ब्रिस्टल येथे त्याने पहिला विजय मिळवला. जुलैमध्ये पोकोनोला झालेल्या अपघातात दोन्ही कॉलरबोन मोडल्याने चार शर्यती बुडाल्या, तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. 1980 मध्ये मोसमाच्या मध्यावर त्याचा अनुभवी क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख, संघ सोडून गेला आणि ती जबाबदारी डग रिचर्ट या वीस वर्षांच्या पोरावर आली. तशाही स्थितीत डेलने केल यारबरो या ड्रायव्हरला 19 गुणांनी मागे टाकून विजेतेपद घेतले. एका वर्षी नवोदितांचा मान आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद, असे तोवर कुणालाही जमले नव्हते.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असते तर ती गिरणीगावातली गोष्ट वाटली नसती. 1981 च्या मध्यात ऑस्टरलंड यांनी संघ विकून टाकला आणि विजेता ड्रायव्हर सामानसुमानासह नव्या मालकाच्या हवाली झाला. चार शर्यतींनंतर त्याने ती गाडी सोडली. तेव्हा त्याच्या मदतीला आला तो 1975 च्या त्या शर्यतीत 23वा आलेला चिल्ड्रेस. त्याने स्वतः गाडी चालवणे थांबवून आपल्या 3 क्रमांकाच्या गाडीची जागा डेलला दिली. मधल्या दोन वर्षांचा अपवाद सोडला तर दोघे शेवटपर्यंत एकत्र राहिले. पुढे प्रसिद्ध झालेली गाडी काळी असली, तरी त्या वर्षी तिचा रंग निळा-पिवळा होता, कारण पैसे रँगलर जीन्सचे होते. गिरणी सोडलेल्या माणसाच्या मुलाला पोसायला शेवटी कापडवालेच पुढे आले होते.

गावातल्या चौकातला नऊ फुटी ब्राँझचा पुतळाही शर्यतीच्या पोशाखात नाही, तो जीन्समध्ये, हाताची घडी घालून उभा आहे. ज्यांना काळ्या गाड्या पाहायच्या असतील त्यांनी पुढे तासाभराच्या अंतरावर वेलकम या गावी चिल्ड्रेस यांचे संग्रहालय आहे तिकडे जावे. पण हातात एकच दिवस असेल तर तो शनिवार निवडावा, सकाळी कॅनापोलिस पाहावे आणि संध्याकाळी हिकरी गाठावे.