मांजरांच्या घरात मोती आला

जूनच्या पहिल्या पावसात म्हापशाहून डिचोलीला येताना अस्नोड्याजवळ रस्त्याच्या कडेला हे कुत्र्याचं पिल्लू थरथरत बसलेलं, तसंच उचलून आणलं. तीनेक महिन्यांचं असेल. नाव मोती. घरात आधीच मनी मांजर आणि तिचा मुलगा गोट्या, त्यामुळे खरी काळजी त्या दोघांचीच होती.

डॉक्टरकडे जाऊन जंताचं औषध, रेबीजची लस झाली आणि मोतीला पडवीत ठेवला, मांजरं आत, मधलं दार बंद. तो झोपायचा ते गोणपाट दुसऱ्या दिवशी मनीच्या खुर्चीजवळ नेऊन टाकलं. ती हळूच आली, तोंड अर्धवट उघडं ठेवून कितीतरी वेळ वास घेत राहिली, मग निघून गेली. फिसकारली नाही हेच खूप वाटलं मला. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, काटे काढलेला उकडलेला बांगडा, आणि रोज ताटल्या दाराच्या थोड्या जवळ.

चौथ्या दिवशी मी घाई केली. गोट्याला कडेवर घेऊन मोतीसमोर गेले, मोतीने आनंदाने उडी मारली आणि गोट्या माझ्या खांद्यात नखं रुतवून जो माळ्यावर पळाला तो सकाळपर्यंत खाली आला नाही. अजून वाईट वाटतं त्याचं. मांजराला धरून कुत्र्यापुढे कधीच नेऊ नका, त्याला पळायला वाटच राहत नाही. पट्टा कुत्र्याला, मांजर मोकळं, आणि त्याला चढून बसायला उंच जागा हवीच.

मग रोज दहा मिनिटं पट्ट्यावर. मोती अंग ताठ करून, तोंड मिटून एकटक बघायला लागला की लगेच त्याला वळवायचं, आणि मांजरावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं की चिकनचा तुकडा. मांजरांचं खाणं ओट्यावर गेलं, वाळूचा ट्रे न्हाणीघरात, कारण मोती दोन्हीकडे तोंड घालायचा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) बांधत होतो, पडवीत माणसांची ये-जा, आणि मनी स्वतःहून बाहेर आली, झोपलेल्या मोतीच्या शेपटीचा वास घेतला, परत आत. गोट्या अजून फ्रिजवरूनच बघतो, बघू दे. बाहेर जाताना मधलं दार आम्ही अजून लावूनच जातो.