दोन्हीकडे आहे, मग बॅकअप कशाला?

"दोन्ही मशीनवर आहे ना काका, मग वेगळा बॅकअप कशाला?" डेस्कटॉपवरचे प्रबंधाचे फोल्डर सिंकथिंगने (दोन मशीनवरच्या फायली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रामने) लॅपटॉपशी जोडून झाल्यावर पुतणी आज सहज म्हणाली, आणि ते वाक्य दिवसभर मनातून जाईना.

सिंकथिंग मला मनापासून आवडते. फायली कुणाच्या क्लाउडवर साठवल्या जात नाहीत. आणि एकच फाईल दोन्हीकडे बदलली गेली, तर आधी बदललेली प्रत ते पुसून न टाकता, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द, तारीख आणि वेळ घालून शेजारीच ठेवते.

पण नेहमीच्या दुतर्फा जोडणीत लॅपटॉपवरून एखादे प्रकरण डिलीट झाले, की ते डेस्कटॉपवरूनही जाते, कारण डिलीट करणे हाही त्याच्या लेखी एक बदलच असतो. ‘फाईल व्हर्जनिंग’ची, म्हणजे फायलींच्या जुन्या प्रती जपण्याची, सोय आहे, पण ती मुळात बंद असते, शिवाय चालू केली तरी ती दुसऱ्या मशीनकडून आलेल्या बदलापूर्वीचीच प्रत जपते, त्याच मशीनवर आपण केलेल्या बदलाची नाही. १९९६ साली आलेले आरसिंक हे फायलींची नक्कल करणारे दुसरे साधन एकाच दिशेने नक्कल करते आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय पलीकडची जास्तीची फाईल काढत नाही. पण बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवर तेही निमूटपणे लिहून टाकते.

वर्षानुवर्षांचे काम या एका समजावर विसंबून ठेवणारे विद्यार्थी किती असतील, या विचाराने खरोखर काळजी वाटते. पुतणीच्या फोल्डरची तारीखवार प्रत आता एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरही जाते, आणि ती डिस्क एरवी काढून ठेवलेली असते.

तुमच्या कामाची गेल्या आठवड्यातली प्रत आज हवी झाली, तर ती कुठे सापडेल?