तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलिग्राफी शिकायला ब्राह्मी कशाला?

हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच काय ते लिहून टाकते. प्रश्न साधारण असा असतो: कॅलिग्राफी शिकतेयस ना, मग अक्षर घोटायचं सोडून हे शिलालेख, ब्राह्मी, मोडी कशाला, एमपीएससीला बसणारेस का?

नाही बसणार. पण ब्राह्मी ही आपल्या देवनागरीची पूर्वज लिपी, आपली अक्षरं तिथूनच आली. साधा क घ्या. अशोकाच्या काळातला, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला क म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह, एक उभी रेघ एक आडवी, संपला विषय. मग पुढची कित्येक शतकं लिहिता लिहिता ती आडवी रेघ दोन्हीकडून खाली वाकत गेली, डावी बाजू वळून परत दांड्याला येऊन चिकटली आणि तिचं पोट झालं, उजवी नुसतीच लोंबत राहिली. आता आपला क बघा, अधिकचं चिन्ह अजून आत बसलंय. हे एकदा दिसलं की पोट आणि शेपूट दांड्याच्या एकाच जागेतून फुटायला हवेत हे वेगळं कोणी सांगावं लागत नाही. नाहीतर क्लासमध्ये 'पोट जरा वर घे, शेपूट जरा आवर' हेच ऐकत बसायचं, का ते कोणी सांगत नाही. (ट आणि ठ मात्र भारी आहेत, ट तेव्हाही अर्धा गोल होता, ठ पूर्ण गोल, आपण त्यांना फक्त वरून टांगलंय.)

शिरोरेषेचं, म्हणजे अक्षरांवरच्या आडव्या रेघेचं, पण तेच. अशोकाच्या ब्राह्मीत ती नाहीच. नंतर शाईची लेखणी जिथे टेकायची तिथे अक्षराच्या डोक्यावर थोडा जाडपणा यायला लागला, मग लोक तो मुद्दाम काढायला लागले, आणि वाकाटकांनी (विदर्भातलं जुनं राजघराणं) तर कहरच केला, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी! विदर्भातले त्यांचे ताम्रपट बघा, किंवा अजिंठ्याच्या 16 नंबरच्या लेण्यातला वराहदेवाचा लेख, हा हरिषेण राजाचा मंत्री. नागरीपर्यंत येता येता ही डोकी पसरून एकमेकांना भिडली आणि सलग रेघ झाली. म्हणजे शिरोरेषा ही अक्षर झाल्यावर वरून मारायची पट्टी नाही, ती प्रत्येक अक्षराची स्वतःची आहे, आणि हे डोक्यात असलं की तिची जाडी आपोआप अक्षराशी जुळवून घेतली जाते.

मोडीत, म्हणजे मराठी भराभर लिहायच्या जुन्या लिपीत, नेमकं उलटं. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची, मग हात शक्यतो न उचलता खाली अक्षरं काढत सुटायचं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. कारकुनाला दिवसभर लिहायचंय, त्याला वेग हवा, सौंदर्य नंतर. तरी ते इतकं देखणं होतं की विचारू नका! देवनागरी घोटून घोटून मनगट आखडलेल्यांनी थोडे दिवस मोडी लिहावी असं माझं ठाम मत आहे, वळणं मोकळी होतात.

एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतेच. हल्ली रुंद निबने झोकदार जाड-बारीक ब्राह्मी लिहून 'अशोककालीन' म्हणून खपवतात. अशोकाचे लेख दगडात छिन्नीने कोरलेले, रेघेची जाडी सगळीकडे सारखी. सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तो बघून या आणि मग लिहा. जाड-बारीक करायचं तर करा, छान दिसतं, पण मग ते तुमचं म्हणा ना, अशोकाच्या नावावर का?

आणि ब्राह्मी वाचली कशी गेली हे तर कॅलिग्राफीवाल्यांना माहीत असायलाच हवं. जेम्स प्रिन्सेप, कलकत्त्याच्या टांकसाळीतला माणूस. सांचीच्या स्तूपावरचे बारके बारके लेख त्याच्यापुढे होते, आणि त्याच्या लक्षात आलं की बहुतेक सगळे त्याच दोन अक्षरांनी संपतायत. त्याने अंदाज बांधला, लोकांनी देणगी दिलीय तर शेवटी 'दानं' असणार. द मिळाला, न मिळाला, आणि 1837 मध्ये लिपी उलगडली. भाषेच्या ज्ञानाइतकंच हे नुसतं टक लावून आकार बघण्याचं काम आहे, जे आपण वहीत रोज करतो किंवा करायला हवं.

सुरुवात कुठून करू, हा पुढचा प्रश्न. आधी बोरू (काडीची लेखणी) तासायला शिका. रोमनसाठी मिळणारी तयार निबं घेऊन देवनागरीला बसू नका, आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा रोमनच्या उलट पडतो, त्यामुळे बोरूचं टोकही उलट बाजूला तिरकं छाटावं लागतं. ते जमलं की अशोकाची मुळाक्षरं साध्या गोल टोकाच्या पेनाने वहीत उतरवा, प्रत्येकाखाली आजचं अक्षर लिहा, आणि मधल्या पायऱ्या पुस्तकात बघायच्या आधी स्वतः काढून बघा. मोडी त्यानंतर. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात वर्गाची चौकशी करा.